पाचशेवाली ओळ

रविवार, ९ मार्च

सात वर्षांनी ब्रेलची पाटी काढली. ठिपके टोचायचा टोच्या काही केल्या सापडेना. शेवटी आईच्या शिवणाच्या डब्यात रिळांखाली हाताला लागला. एरवी मी ही दैनंदिनी कॉम्प्युटरवर लिहितो, पण कॉम्प्युटर आज सकाळपासून मुका आहे. दुसऱ्या कुणी केला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. केला मीच.

माझ्या कॉम्प्युटरात दोन ड्राइव्ह होते. एक आईच्या काळातला, त्यात पडदा वाचून दाखवणारा आवाजच नाही. दुसरा माझा, कामाचा. तो महिनाभर खरखरत होता आणि गुरुवारी त्याच्यावरून यंत्र सुरू व्हायचंच थांबलं. म्हणून तिसरा, नवा घेतला. दुकानवाल्या योगेशने त्यात विंडोज आणि माझा बोलणारा आवाज घालून दिला आणि म्हणाला, "बसवायला मी येतो ना, विहंगभाऊ." मी म्हटलं, कशाला? स्क्रू मला बोटांनी दिसतात. बसवलाही. वायरी खोचताना आतली बटणाएवढी बॅटरी निघून पडली, ती फरशीवर चाचपून शोधली, परत दाबून बसवली आणि स्वतःवर भलताच खूश होऊन कॉम्प्युटर चालू केला.

वाजली ती आईच्या ड्राइव्हची जुनी धून. मग काहीच नाही. बॅटरी पडली तेव्हा यंत्र आपली सगळी सेटिंग विसरलं, आणि आता सुरू व्हायला ते सर्वांत जुन्या ड्राइव्हकडे जातं. त्याला सांगायला हवं की बाबा रे, नव्यापासून सुरू हो. पण ते सांगायचं पान विंडोजच्या आधी येतं, आणि तिथं कुठलाच आवाज बोलत नाही. बाकीचे दोन काढून नुसता नवा ठेवून पाहिला, तर एक बीप आणि मग शांतता. पडद्यावर काहीतरी प्रश्न येऊन यंत्र उत्तरासाठी अडून बसलं असणार. मला काय त्याचं?

ताई तेवीस तारखेला येणार आहे. चौदा दिवस.

सोमवार, १० मार्च

ताईचा निरोप जसाच्या तसा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको: "तेवीसला येते. तुझं नीट चाललंय असं मला दिसलं तर राहा नाशकात. नाहीतर मुकाट्याने सटाण्याला चल. खोली रंगवून ठेवली आहे."

हे सगळं फेब्रुवारीतल्या दुधामुळे. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास माझ्या आधी शेजारच्या काकूंना आला. काकूंनी माझं दार वाजवायच्या आधी सटाण्याला फोन लावला. म्हणून आता काकूंना "जरा पडदा वाचून दाखवता का" म्हणायची सोय नाही. मोबाईलचा कॅमेरा कागद वाचायचा, पण तो ओट्यावरून पडल्यापासून धुरकट झाला आहे. योगेशला फोन केला तर मागे फावड्यांचा आवाज. त्यांची तालीम यंदा रहाड, म्हणजे जमिनीत पुरलेला रंगपंचमीचा हौद, उघडतेय. "रंगपंचमीपर्यंत दुकान बंद, विहंगभाऊ. झाली की आलोच!" अख्खं गाव रंगाच्या हौदात उड्या मारणार आणि मी इथं आईच्या ड्राइव्हची धून ऐकत बसणार.

मला ती खोली नको. हे घर मला पावलांनी पाठ आहे. इथं आई गेल्यानंतरही मी माझा माझा राहतोय, कमावतोय. लोकांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा, हा माझा धंदा. सध्या अकरा मुलाखती आहेत, द्यायच्या बावीस तारखेला. त्या गेल्या नाहीत तर काम जाईल, आणि काम गेलं तर ताईला दुसरा पुरावाच नको.

तिचे आज दोन फोन. सकाळी एक, संध्याकाळी एक. संध्याकाळचं कारण काय, तर तिने मिरच्यांचा खर्डा केला आणि जास्तच झाला. भाऊजी कांद्याच्या लिलावात, भाचा तनय पुण्याला होस्टेलवर, मग खाणार कोण, वगैरे. मी हो हो केलं. "काम कसं चाललंय?" "झकास," म्हटलं. तपासनीस आहे नुसती.

मंगळवार, ११ मार्च

भागीबाईंना डोळे आहेत! हे कालच सुचायला हवं होतं.

भागीबाई पेठकडच्या. पोळीभाजी, झाडूपोछा आणि माझं वाचन, अशी तीन कामं. आई गेल्यावर ताईनेच ठेवल्या. "वाचता यायला हवं, त्याची पत्रं, औषधं बघावी लागतील," असं तिने आधीच बजावलं होतं आणि त्या "येतं की" म्हणाल्या होत्या. बाई चोख. फक्त त्या चष्म्याची तेवढी तऱ्हा. दहा महिन्यांत तो एकदाही आणलेला नाही. कागद घरी घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी घडाघडा सांगतात, तारखेसकट. मुलगी तृप्ती बारावीत आहे, तिच्याबरोबर बसून वाचत असतील. स्मरणशक्ती मात्र अफाट.

पडद्यावरची अक्षरं मोठी असतात, चष्मा लागणार नाही, असं म्हणून आज त्यांना पडद्यासमोर बसवलं. चालू केल्यावर 'टण' वाजलं, म्हणजे काहीतरी विचारतोय.

"काय लिहिलंय?"

खुर्ची पडद्याकडे सरकल्याचा आवाज. मग, "बरोबर चाललंय म्हनतो."

"खाली बटणं आहेत का?"

"हायेत की. दोन."

"कसली?"

"चालू करायची."

मी एंटर दाबला. त्यानंतर तीन तास आतून घरघर. मला वाटलं, झालं, माझ्या कामाच्या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातंय. दारापासून बाल्कनीपर्यंत अकरा पावलं आहेत, ती मी किती वेळा मोजली देव जाणे. शेवटी योगेशला फोन केला. तो म्हणाला, घाबरू नका, ड्राइव्ह तपासत असेल, पुसणार नाही. मग जीव भांड्यात पडला. बरोबर चाललंय म्हणे! पहिल्यांदाच नीट वाचायला काय झालं होतं?

शुक्रवार, १४ मार्च

धूलिवंदन. भागीबाईंची सुट्टी. मी एकट्याने प्रयोग केले. चालू केल्या केल्या एक ठरावीक बटण दाबलं की ड्राइव्हची यादी येते, असं योगेश म्हणतो. मग बाण खाली एकदा, एंटर. धून. बाण दोनदा. धून. तीनदा. धून. मुळात यादी आली का, हेच मला कळत नाही. बत्तीस वेळा केलं. डाव्या हाताचं मधलं बोट दुखतंय.

ताई: "आवाज का असा?" म्हटलं, रंग घशात गेला. मला रंग लावायला कोण येतंय?

शनिवार, १५ मार्च

आज फार वाईट बोललो.

भागीबाईंना परत बसवलं. मी बटण दाबत राहिलो आणि विचारलं, "यादी आली?" "आली." "किती ओळी?" "तीन." तीन! बरोबर! "पहिली वाचा." "विंडोज." "दुसरी?" "विंडोज." "तिसरी?" "ती पन तीच." मी मधली निवडली. पुन्हा बीप आणि शांतता. परत बंद, परत चालू. "आता पहिली वाचा." "कॉम्प्युटर."

पाच मिनिटांपूर्वी तीच ओळ विंडोज होती. माझा तोल गेला. "देवाने तुम्हाला डोळे दिलेत ना? मग वापरा की! मला असते तर मी असा अंदाजपंचे कारभार केला नसता. दोन शब्द वाचायला काय जातंय तुमचं?"

ओट्यावर ताट झाकल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग दाराचा. मेथीची भाजी होती. गार झाल्यावर खाल्ली.

सोमवार, १७ मार्च

भागीबाई आल्या नाहीत. फोन वाजतो, उचलत नाहीत.

ताई: "भागीबाई आल्या?" "आल्या." "दे बरं त्यांना." "आत्ताच गेल्या." माझं खोटं बोलणं हल्ली इतकं गुळगुळीत झालं आहे की मलाच दचकायला होतं. तिने फोन लगेच ठेवला नाही. त्यांच्याकडे दुपारी दिवे गेले होते, टीव्ही बंद होता, हे सांगत बसली. मी मधेच "बरं, ठेवतो" म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. सकाळपासून खाली ढोल. योगेशला लावला तर "रहाडीत आहे" एवढंच ओरडला. दुपारी परत लावला तर फोन बंद. चार दिवस राहिले. अकरा मुलाखतींपैकी चार झाल्यात, त्याही यंत्र बंद पडण्याआधी, खरखरणाऱ्या ड्राइव्हवर.

बसवत नाही. उभं राहवत नाही. कपाटातले शर्ट दोनदा घडी केले. एकदा वाटलं, ताईला फोन करून सांगावं, हरलो, बॅग भरतो. हातात फोन घेतलाही. मग तिकडच्या खोलीत दिवसभर खुर्चीत बसून राहावं लागेल ते आठवलं आणि शेजारपाजारच्या बायका येऊन "हेच का तुमचे भाऊ" म्हणतील तेही आठवलं. ठेवून दिला.

गुरुवार, २० मार्च

सकाळी नऊला बेल. भागीबाई. पण आत येईनात. चपला काढल्याचा आवाज नाही.

"काम सोडाया आले," म्हणाल्या. "आन् एक सांगायचं व्हतं. मला वाचता नाय येत, दादा."

मला आधी काही कळलंच नाही. "चष्म्याशिवाय?"

"चश्मा नाय मला. शाळंतच नाय गेले मी. तुमची पत्रं तृप्ती वाचून दाखवायची रातीला, मी ध्यानात ठिवायची."

दहा महिने! बँकेची पत्रं, विजेचं बिल, सगळं. "आणि औषधं?" मी जवळजवळ किंचाळलोच. "पाकिटाचा रंग वळखते ना. एकदा तरी चुकलं का?" नाही, एकदाही चुकलं नव्हतं. पण राग थांबेना. मी आंधळा आणि माझी वाचणारी निरक्षर. जगात कुणाची अशी फजिती झाली नसेल. मी म्हणालो, "खोटं का बोललात?"

"ताई म्हनल्या वाचता यायला पायजे. मला काम पायजे व्हतं." मग म्हणाल्या, "तुमी बी बोलता की ताईंशी. झकास, झकास. मी ऐकते भाजी चिरताना."

मला शनिवारचं माझं बोलणं आठवलं, देवाने डोळे दिलेत ना. मला लाज वाटली, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. त्यांना म्हटलं, "आत या. चपला काढा. चुकलं माझं." चहा मी केला. गॅस नीट बंद केला, दोनदा तपासला.

चहा पिताना मी सहज विचारलं, "मग फोन कसा लावता? बस कशी पकडता?"

"आकडे येतात की! लिफ्टचं बटन, बसवरचा नंबर, फोन, समदं. आकड्याला काय शाळा लागत नाय."

मी कप खाली ठेवला. ड्राइव्हच्या नावांत त्यांचा आकार लिहिलेला असतो. आईचा तीनशेवीस. माझा हजार. नवा पाचशे. इतके दिवस मी त्यांच्याकडून नेमकं न येणारं तेवढंच मागत होतो.

पळतच गेलो, टेबलाचा कोपरा मांडीला लागला. आज थेट सेटिंगच्या पानात शिरलो. तिथं यादी कुठं असते ते योगेशने फोनवर तोंडपाठ करून घेतलं होतं: उजवीकडे चार वेळा, मग खाली. "तीन ओळी दिसतात?" "दिसतात." "त्यात आकडे शोधा. अक्षरं सोडून द्या." आता त्यांचा आवाजच वेगळा होता, शेतात कामाला उभं राहिल्यासारखा. "वरती तीन, दोन, शून्य. मधी एक आन् तीन शून्य. खाली पाच, शून्य, शून्य." "रंगीत पट्टी कुठल्या ओळीवर आहे?" "वरच्या." खाली, खाली. "आता?" "पाचशेवर." तिला वर सरकवायचं बटण दोनदा दाबलं. "गेली वर! पाचशेवाली समद्यात वर गेली, दादा!"

आता जतन करायचं. त्याचं बटण दाबलं की यंत्र 'नक्की का?' असं विचारतं आणि दोन शब्द दाखवतं, हो आणि नाही. इथं आकडे नाहीत. मी अडकलो. आठव्या वर्षापर्यंत मला दिसत होतं, त्या वेळची इंग्रजी अक्षरं डोक्यात उजळली. 'येस'ला अक्षरं तीन, 'नो'ला दोन. "भागीबाई, पट्टी ज्या शब्दावर आहे त्यात चित्रं किती?"

त्यांनी बोट लावून मोजलं असावं, काचेवर नख वाजलं. "तीन."

"नक्की?"

"दादा, तीन म्हंजे तीन."

एंटर. पंखा थांबला, परत फिरला. धून नाही. मग तो सपाट, नाकातला, माझा आवडता आवाज माझं नाव बोलला. भागीबाई दचकून खुर्चीतून उठल्या. मी रडलो. त्यांनी बघितलं असेल.

शनिवार, २२ मार्च

दोन दिवस जेवण सोडून उठलो नाही. माझ्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली शाबूत निघाल्या. अकरावी मुलाखत पावणेचारला पाठवली. डोकं रिकामं झालं आहे, पाय मात्र अजून थांबत नाहीत.

भागीबाईंना म्हटलं, उद्या ताईसमोर वाचायचा विषय निघाला तर मी सांभाळतो. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

रविवार, २३ मार्च

ताई साडेदहाला आली. आधी गॅस, मग फ्रीज, मग औषधांचा डबा. कॉम्प्युटर चालू करून दाखवला, ठणठणीत बोलला. मी आतल्या आत उड्या मारत होतो. आणि तेवढ्यात तिने टीपॉयवरचं पाकीट उचललं. "हे बँकेचं कालपासून पडलंय वाटतं. भागीबाई, वाचून दाखवा बरं त्याला."

"चष्मा नाही आणलेला त्यांनी," मी घाईने म्हणालो.

"नाय, ताई," भागीबाई म्हणाल्या. "चश्मा नाय मला आन् वाचता बी नाय येत. तुमाला खोटं सांगितलं व्हतं मी."

ताईने पाकीट परत टीपॉयवर ठेवलं. मला समजलं की या बाईने स्वतःचं काम पणाला लावलं आहे, आणि आता मी 'झकास' म्हणून बाजूला उभा राहिलो तर माझ्यासारखा नालायक मीच. म्हणून मीही सगळं ओकलो. बॅटरी पडली ती, अकरा दिवस कॉम्प्युटर बंद होता ते, बाई निघून गेल्या त्या दिवशी 'आल्या' म्हणालो ते. पाचशेवाली ओळ कशी सापडली ते सांगताना भागीबाई मधेच म्हणाल्या, "कुठं काय लिवलेलं असतं ते दादांना पाठ हाय, ताई. मी फक्त बोट ठिवते."

"म्हणजे दोघांनी मिळून मला बनवलं," ताई म्हणाली.

"हो," आम्ही दोघंही म्हणालो.

ती बाल्कनीत गेली. मी पावलं मोजली नाहीत, खुर्ची धरून बसून राहिलो. आली तेव्हा आवाज साधा होता. "पत्रं तृप्तीला इथं येऊन वाचू दे. घरी नेऊ नका. आणि तो मोबाईलचा कॅमेरा उद्याच्या उद्या दुरुस्त कर. भागीबाई, चहा टाका."

मग पुढचं वाक्य: "राहा तू इथंच." जिंकलो! चहात साखर नव्हती तरी दोन कप प्यायलो.

सोमवार, २४ मार्च

ताईला बसस्टँडवर सोडायला गेलो. तिने माझा दंड धरला होता, नेहमीपेक्षा घट्ट. मी सारखा बोलत होतो, नवं काम, नवा ड्राइव्ह किती झटकन सुरू होतो. ती म्हणाली, "खोलीला पिवळा रंग दिलाय."

"मला काय कळणार होता, ताई?"

"तुला नाही रे. मला बघायचा होता." मग म्हणाली, "आता फोन तरी कुठलं निमित्त काढून करू? तुझं सगळं नीटच आहे." मी "म्हणजे?" म्हणेपर्यंत बस लागली आणि ती चढली.

रिक्षात बसलो आणि एकदम खर्डा आठवला, खाणार कोण म्हणाली होती तो. दुपारी गेलेले दिवे आठवले. दोन आठवडे ती रोज दोनदा हेच सांगत होती आणि मी तपासणी समजून हो हो करत होतो. धंदा माझा ऐकण्याचा. परक्या माणसाचा उसासासुद्धा मी टाइप करून देतो, आणि माझ्या बहिणीचं एक वाक्य धड ऐकलं नाही. स्वतःचा इतका राग आला की रिक्षावाल्याला थांबवलं, उतरलो, तिथंच फुटपाथवर उभं राहून तिला फोन लावला.

"काय विसरलं?" ती म्हणाली.

"काही नाही. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतोय."

बसचा आवाज येत राहिला. कंडक्टरने तिकीट फाडलं, कुणीतरी खिडकी सरकवली. मला वाटलं, ठेवला हिने. मग ती अगदी हळू म्हणाली, "विहंग, तनय होस्टेलला गेल्यापासून घरात कुणी बोलतच नाही रे."

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो, आणि ती बोलायला लागली.